बोअरचं पाणी अन् मुलांची हाडं

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. पाणी दिसते नितळ, म्हणून संशय येत नाही. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. पुढे ते हाडांत साठते. त्यात आहारात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडला तर वाढत्या वयात पाय गुडघ्यांत वाकतात. मग नुसत्या औषधाने ते सरळ होत नाहीत.
पाणी उकळून किंवा फडक्याने गाळून फ्लोराइड जात नाही. म्हणून ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्या. दोष निघाला तर पिण्याला अन् स्वयंपाकाला तपासलेल्या दुसऱ्या विहिरीचेच पाणी वापरा. मुलांना रोज दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला द्या. डेअरीला दूध घालताना पेलाभर घरच्या लेकरासाठी ठेवा.