विजेची सायकल आणि घाटाची वाट

सायकल कोणाला माहीत नाही? दूधवाला सायकलीवर येतो. मुले सायकलीवर शाळेत जातात. सपाट रस्त्याला सायकलीसारखे स्वस्त वाहन दुसरे नाही. पण घाट लागला की पंचाईत होते. मग माणूस सायकलीवर बसत नाही. सायकलीचा हात धरून चालत जातो.

आम्ही वाईचे राहणारे. वाईच्या डोक्यावर पाचगणी आहे. मध्ये पसरणीचा घाट आहे. पाचगणीच्या पुढे महाबळेश्वर. तिथे आमची धाकटी बहीण राहते. तिच्याकडे आमचे वरचेवर जाणे असते. जाताना वाईची हळद न्यायची, येताना स्ट्रॉबेरी आणायची. तरुणपणी हा घाट आम्ही साध्या सायकलीने चढत होतो. पुढे पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले. तेव्हा आम्ही विजेची सायकल घेतली. पुढे काय झाले ते सांगतो. आमची फजिती ऐका आणि तुम्ही शहाणे व्हा.

ही सायकल चालते कशी?

विजेची सायकल म्हणजे आपली नेहमीचीच सायकल. तिला दोन वस्तू जास्त असतात. एक मोटार, दुसरी बॅटरी. बॅटरीतली वीज मोटारीला जाते. मोटार चाकाला जोर देते. आपण पायडल मारतो, मोटार हातभार लावते. काही सायकलींना मूठ असते. ती पिळली की पायडल न मारताही सायकल चालते.

ही कल्पना आजची नाही बरे का! अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाने १८९५ साली अशा सायकलीचे पेटंट घेतले. मागच्या चाकातच मोटार बसवायची, ही युक्ती त्यात होती. पण तेव्हाच्या बॅटऱ्या फार जड होत्या. १९९१ साली लिथियमची हलकी बॅटरी बाजारात आली. १९९३ साली जपानात यामाहा कंपनीने पायडलाला जोड देणारी सायकल विकायला काढली. त्यानंतर या सायकली हळूहळू जगभर पसरल्या.

आपल्या देशात तिच्यासाठी नियम आहे. मोटार २५० वॅटपर्यंत असावी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर जाऊ नये. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असावे. अशा सायकलीला मोटारगाडीचा कायदा लागत नाही. लायसन लागत नाही, नंबर लागत नाही. पण मोटार याहून मोठी असली, किंवा वेग जास्त असला, तर सगळे लागते. म्हणून घेताना कागद वाचून पाहावा. दुकानदाराच्या तोंडावर विसंबू नये.

आमची फजिती

आम्ही मात्र तोंडावरच विसंबलो. दुकानदार म्हणाला, "काका, एकदा चार्ज केली की चाळीस किलोमीटर. डोळे मिटून जा!"

आम्ही मनात हिशेब केला. वाई ते पाचगणी १२ किलोमीटर. पाचगणी ते महाबळेश्वर १९ किलोमीटर. झाले ३१. चाळिसात एकतीस सहज बसतात. मग काळजी कसली?

हिवाळ्याचे दिवस होते. पहाटे उठून दोन्ही पिशव्यांत सामान भरले. चार्जर घरीच ठेवला. त्याचे काय काम, असे वाटले. पसरणी गाव मागे पडले, घाट सुरू झाला. आम्ही मूठ पिळून धरली. पाय नुसते पायडलावर ठेवले. सायकल चढू लागली. वळणावळणाला खाली वाई दिसे, कृष्णेचे पात्र दिसे. चालत जाणाऱ्या लोकांकडे आम्ही ऐटीत बघत होतो.

पाचगणीला पोचलो तेव्हा बॅटरीच्या चार दिव्यांपैकी एकच दिवा उरला होता. तरी आम्ही पुढे निघालो. सात-आठ किलोमीटर गेलो असू. एका चढावर तोही दिवा विझला. सायकल गप्प झाली.

बावीस किलोची सायकल, वर सामान. ती ढकलताना थंडीतही आम्हाला घाम फुटला. रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याला दया आली. तो म्हणाला, "काका, घरात लाइट आहे. चार्जर काढा, लावून देतो." पण चार्जर होता वाईला! शेवटी एका टेम्पोत सायकल चढवली आणि बहिणीचे घर गाठले. बहीण दारातच म्हणाली, "दादा, सायकलीनं तुला आणलं, का तू सायकलीला आणलंस?"

चूक कुठे झाली?

दुकानदार अगदीच खोटे बोलला नव्हता. सपाट रस्त्यावर, थोडे पायडल मारीत गेले, तर चाळीस किलोमीटर जाता येते. पण घाट म्हणजे सपाट रस्ता नव्हे. चूक ही, की आम्ही अंतर मोजले. चढ मोजलाच नाही.

बॅटरी म्हणजे आपली शिदोरी. किती भाकरी बरोबर आहेत हे माहीत नसले तर वाटेत उपाशी राहावे लागते. या भाकरी मोजायच्या कशा? बॅटरीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर दोन आकडे असतात. आमच्या बॅटरीवर ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास असे लिहिले आहे. दोहोंचा गुणाकार करा. ३६ गुणिले १० म्हणजे ३६०. ही झाली ३६० वॅट-तासांची शिदोरी. घरच्या लाइटबिलात १००० वॅट-तासांना एक युनिट म्हणतात. म्हणजे ही सायकल पूर्ण चार्ज करायला अर्धे युनिटही लागत नाही. खर्च थोडा, पण शिदोरीही थोडीच.

आता चढ पाहू. वाईहून पाचगणी जवळजवळ ६०० मीटर उंच आहे. आमचे वजन ६५ किलो, सायकल २२ किलो, सामान १३ किलो. सगळे मिळून १०० किलो. १०० किलोचा बोजा १०० मीटर उंच न्यायला सुमारे २७ वॅट-तास लागतात. ६०० मीटरला त्याच्या सहापट, म्हणजे १६२.

पण एवढ्यावर भागत नाही. बॅटरीतून निघालेली सगळी वीज चाकापर्यंत पोचत नाही. चौथा हिस्सा, किंवा थोडा कमीच, वाटेत उष्णता होऊन वाया जातो. शिवाय रस्त्याचे घर्षण आहे, वारा आहे. सगळे धरून, मोटारीनेच ओढायचे म्हटले तर घाटाला २७० वॅट-तास लागतात. ३६० पैकी २७० घाटानेच खाल्ले. उरले ९०. महाबळेश्वर अजून १९ किलोमीटर. सपाट रस्ता असता तरी किलोमीटरला ९ प्रमाणे १७१ लागले असते. मग सायकल वाटेत थांबली यात नवल काय? हा हिशेब निघण्यापूर्वी केला असता तर टेम्पोचे भाडे वाचले असते.

पाय आणि मोटार, दोघांनी मिळून

मग घाटात ही सायकल नेऊच नये का? खुशाल न्यावी. पण मोटारीला बैल समजून आपण गाडीत झोपू नये.

निरोगी माणूस सायकलीवर बराच वेळ सुमारे ७५ वॅटचा जोर देऊ शकतो. तेवढ्या जोरावर पसरणीचा घाट चढायला दोन तासांहून जास्त वेळ लागेल. मोटार २५० वॅटची आहे. म्हणजे तीन माणसे मागून ढकलत आहेत असेच समजा. आपणही जोर दिला, मोटारीला थोडी कमी ठेवली, की एक वाटा आपला आणि दोन वाटे मोटारीचे असे काम चालते. मग २७० ऐवजी १८०च खर्च होतात. वेळ थोडा जास्त जातो. पण अर्धी शिदोरी शिल्लक राहते.

आता आम्ही चार्जर बरोबर नेतो. पाचगणीला जेवायला थांबतो. खानावळीत आधी विचारतो आणि मग चार्जर लावतो. तासाभरात सुमारे ७० वॅट-तास भरतात. जेवण आमचेही होते, सायकलीचेही होते.

सायकल घेताना मोटार कुठे आहे तेही बघावे. काहींची मोटार चाकात असते. ती स्वस्त पडते. पण तिला सायकलीच्या गियरांचा उपयोग होत नाही. खड्या चढावर चाक अगदी हळू फिरू लागले की तिच्यातली वीज ताकद होण्याऐवजी उष्णता होते आणि मोटार तापते. अशा वेळी पायाने जोर देऊन वेग राखावा. मोटार फार तापली तर सावलीत थांबावे. दुसऱ्या जातीची मोटार पायडलाजवळ असते. तिचा जोर चेनवरून जातो. म्हणून तिला गियर वापरता येतात आणि चढ सोपा जातो. पण ती महाग असते, आणि तिची चेन लवकर झिजते.

उतार हा चढापेक्षा धोक्याचा

चढावर चुकले तर दमणूक होते. उतारावर चुकले तर जिवावर बेतते. जेवढा बोजा आपण वर चढवला तेवढाच खाली आणायचा असतो. त्याचा वेग ब्रेकने आवरायचा. ब्रेक वेगाची उष्णता करतो.

परतताना पसरणीच्या घाटात आम्ही मागचा ब्रेक सतत दाबून धरला होता. चार-पाच वळणांनंतर जळका वास आला. ब्रेकची दांडी मुठीपर्यंत आली. तरी सायकल आवरेना! पुढचा ब्रेक होता म्हणून वाचलो. कठड्याजवळ थांबलो तेव्हा हातपाय थरथरत होते. पलीकडे दरी होती.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे. वळणावर ब्रेक दाबायचा नाही, वळणाच्या आधी दाबायचा. दोन्ही ब्रेक वापरायचे. थोडा वेळ घट्ट दाबायचे, मग सोडायचे. सोडले की ब्रेकला वारा लागतो. वास आला तर मोकळी जागा पाहून थांबायचे आणि ब्रेक निवू द्यायचे. तापलेल्या चकतीला हात लावायचा नाही. तिच्यावर पाणी ओतायचे नाही. आणि डोक्यावर हेल्मेट हवेच.

कोणी विचारतात, "उतारावर बॅटरी आपोआप भरते ना?" बहुतेक सायकलींत भरत नाही. काहींत भरते, तीही थोडी. तिच्या भरवशावर घर सोडू नये.

बॅटरी सांभाळा

सायकलीत बॅटरी हा महागाचा भाग आहे. ती नीट वापरली तर काही वर्षे टिकते. तिला उन्हात ठेवू नये. साफ रिकामी करून महिनोन्‌महिने टाकून देऊ नये. घाट चढून आल्यावर ती गरम असते. निवल्याशिवाय चार्जर लावू नये. चार्जर तिचाच वापरावा, दुसरा जोडू नये. दारात किंवा जिन्याखाली चार्ज करू नये. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. रात्री चार्जर लावून झोपू नये. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी घरात ठेवू नये. ती उघडून बघण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

महाबळेश्वरला दरसाल पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. एरवीची पावसाची सर ही सायकल सोसते. पण पाण्याने भरलेल्या रस्त्यात ती घालू नये. नळीने पाणी मारून धुऊ नये. ओल्या फडक्याने पुसावी. धुक्यात पुढचा पांढरा दिवा आणि मागचा तांबडा दिवा लावावा.

आज आमची सायकल तीन वर्षांची झाली. बहिणीकडचे जाणे-येणे चालू आहे. पुन्हा टेम्पो करावा लागला नाही.

वाचकहो, आम्हाला लिहिता-वाचता येत होते. बॅटरीवरचे आकडे आमच्या डोळ्यांसमोर होते. तरी आम्ही ते वाचले नाहीत, म्हणून फसलो. तुम्ही आता अक्षरे शिकलात, गुणाकार शिकलात. ते असे कामाला लावा. आपल्या गावाजवळचा एखादा घाट घ्या. वरची उंची आणि खालची उंची यांतला फरक काढा. आपले, सायकलीचे आणि सामानाचे वजन मिळवा. १०० किलोला १०० मीटरमागे, सगळी तूट धरून, ४५ वॅट-तास समजा. बॅटरीवरचे दोन आकडे गुणा. शिदोरी पुरते का ते कागदावर पाहा. पुरत असेल तर निघा. आणि चार्जर पिशवीत टाकायला विसरू नका.