व्हॉल्व्ह बदलायचा खर्च किती?

व्हॉल्व्हचा (म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबचा) अँप घ्यायचा म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "दर वर्षी नवे व्हॉल्व्ह आणत बसणार का?"

नाही हो! 12एएक्स7सारखे छोटे प्रीअँप व्हॉल्व्ह अनेकदा 10,000 तासही चालतात. त्यांना उगाच हात लावू नका. झिजतात ते पॉवर व्हॉल्व्ह. ईएल34 साधारण 2,000 तास धरा. रोज दोन तास ऐकलंत तर वर्षाचे 730 तास, म्हणजे पावणेतीन वर्षं. स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचा चार जुळवलेल्या (एकसारखी मोजमापं असलेल्या) ईएल34चा संच शंभरेक डॉलरच्या घरात. भारतात मागवलात तर टपाल आणि कस्टम ड्युटी वेगळी. 300बी हा पॉवर व्हॉल्व्ह मात्र श्रीमंतांचा शौक! वेस्टर्न इलेक्ट्रिकची जोडी हजार डॉलरच्या पुढे.

मुलार्ड कंपनीच्या जुन्या, न वापरलेल्या व्हॉल्व्हच्या नावावर भरमसाट पैसे मोजू नका. नुसता छाप बदललेला मालही विकला जातो.

पॉवर व्हॉल्व्ह जुळवलेलेच घ्या. अँपला ऑटो बायस नसेल तर नवे बसवल्यावर बायस (व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाची जुळणी) तपासावाच लागतो. पण अँपच्या आत 400 व्होल्टच्या वर दाब असतो, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकतो. सवय नसेल तर हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या.