पाणी नेमकं मुरतंय कुठे?

"वरच्यांची बाथरूम फोडायला लावा, त्याशिवाय हे थांबायचं नाही." गेली पंधरा वर्षं सोसायटीच्या सभांना बसतोय. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की इतिवृत्ताच्या वहीत ते आधीच छापून घ्यावं, तेवढाच वेळ वाचेल. छताला ओल दिसली की मान वर जाते, मानेपाठोपाठ बोट वर जातं आणि बोटापाठोपाठ वरच्या मजल्यावर छिन्नी-हातोडा. समज असा, की पाणी सरळ खाली येतं, म्हणजे डाग जिथे असेल त्याच्या बरोबर डोक्यावर गळती असणार.

पाणी सरळ खाली येतं ते नळातून बादलीत. स्लॅबमधून येताना ते वाट काढत येतं.

आमच्याच इमारतीतली गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पंख्याभोवती बशीएवढा पिवळा डाग आला. वरच्या फ्लॅटमध्ये एक काकू एकट्या राहतात. डागापासून त्यांची बाथरूम चांगली दहा फूट लांब, पण "पाणी दुसरीकडून येणार कुठून?" म्हणून ती फोडली. नवा कोबा, नवं वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स. दोन महिन्यांत डाग परातीएवढा झाला. मग कंत्राटदाराचं काम कच्चं ठरलं, दुसरा आला आणि तीच बाथरूम पुन्हा फोडली. दोन्ही वेळा काकू पंधरा-पंधरा दिवस अंघोळीला मुलीकडे जात होत्या. अखेर गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बदलायला आलेल्या एका म्हाताऱ्या प्लंबरनं सहज विचारलं, "डाग ओला कधी होतो?" कुणालाच सांगता येईना. आठवडाभर लक्ष ठेवलं. डाग एक दिवसाआड, दुपारच्या सुमाराला ओला व्हायचा. काकूंचं वॉशिंग मशीन एक दिवसाआड, सकाळी लागायचं. तेही बाल्कनीत! मशीनचा पाइप तिथल्या ट्रॅपमध्ये नुसता खोचलेला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मशीन एकदम पाणी सोडतं, ट्रॅपला ते पेलत नाही. थोडं बाहेर पसरतं आणि टाइल्सच्या उघड्या सांध्यांतून खाली उतरतं. टाइल्सखाली वाळू-सिमेंटचा थर असतो, तो सच्छिद्र. त्यातून पाणी स्लॅबच्या पाठीवरून उताराच्या दिशेनं सरकत राहतं. स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप असतात, ओतकामाच्या आधीच सळयांच्या जाळीला बांधलेले. असा एखादा पाइप सापडला की पाण्याला आयती पन्हळ मिळते आणि ती पन्हळ उघडते पंख्याच्या किंवा दिव्याच्या डब्यात. (तुमच्या घरी अशा पॉइंटमधून पाणी येत असेल तर शोधाशोध नंतर. आधी त्या सर्किटचं एमसीबी खाली करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.) ओतताना काँक्रीट नीट ठासलं गेलं नसेल तर स्लॅबमध्ये मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहतात, त्यांतून पाणी सळयांच्या कडेकडेनं बीमपर्यंत आणि बीमवरून भलत्याच खोलीत जातं. डाग म्हणजे पाणी बाहेर पडलं ती जागा. ते आत कुठून शिरलं, याबद्दल डाग काही बोलत नाही.

आता बाथरूम निर्दोष असते असंही माझं म्हणणं नाही. संशयितांत पहिला नंबर तिचाच. पण तिच्यावर आरोप ठेवण्याआधी ती बांधतात कशी हे तरी बघावं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा फूटभर खाली ओतलेला असतो. त्या खड्ड्यात सांडपाण्याचे पाइप आणि नहाणी ट्रॅप बसवतात, वर विटांच्या तुकड्यांचा भराव, त्यावर कोबा, त्यावर टाइल्स. टाइल पाणी अडवते, पण दोन टाइल्समधला सांधा अडवत नाही. थोडं थोडं पाणी रोज त्या भरावात उतरतं आणि तिथेच मुरतं. साध्या भाजक्या विटेसाठीचं भारतीय मानक, आयएस १०७७, २४ तास पाण्यात बुडवल्यावर विटेनं स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तरी चालवून घेतं. म्हणजे तीन किलोची वीट अर्धा लिटर पाणी पोटात घेऊन शांत बसू शकते. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमखाली फूटभर भराव म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. त्यात शंभरेक लिटर पाणी सहज राहतं.

एवढं कळलं की सोसायट्यांमधली सगळ्यात लाडकी चाचणी निकालात निघते: "दोन दिवस बाथरूम वापरू नका, मग बघू." दोन दिवसांनी छत तसंच ओलं असतं, आणि वरचे सुटतात, "बघा, आमचं नाही!" किंवा दुरुस्ती होते, महिनाभर ओल हटत नाही, आणि चांगलं झालेलं काम पुन्हा उखडलं जातं. भराव भिजायला महिने लागले असतील तर तो वाळायलाही आठवडे लागणार. पावसाळ्यात तर त्याहून जास्त.

म्हणून मी सगळ्यांना आधी एकच काम सांगतो, आणि ते इतकं साधं आहे की लोक हिरमुसतात. डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दर तीन-चार दिवसांनी पुन्हा. सोबत वहीत लिहा की डाग कधी ओला, कधी सुका. गळती कुठे आहे हे विचारण्याआधी ती कधी होते हे विचारायचं. रात्रंदिवस एकसारखी ओल असेल तर संशय दाबाखालच्या पाइपावर, म्हणजे टाकीतून येणाऱ्या पाण्याच्या लाइनवर. सकाळी सहा ते दहामध्ये वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा ट्रॅप. जूनमध्ये उगवून दिवाळीपर्यंत सुकत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकी. मुंबई-कोकणात पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर तो सरळ आदळतो. तिथल्या गिलाव्यातली केसाएवढी भेग पुरते. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीत येतं, आणि शिव्या खातात वरचे. डाग फक्त एसी लावल्यावर वाढत असेल तर एसीचा पाण्याचा पाइप तुंबलाय. दमट हवेत एसी रात्रभरात बादलीभर पाणी काढू शकतो. आणि तळमजल्यावर ओल फरशीपासून वर चढत साधारण कंबरेपर्यंत येऊन थांबत असेल, भिंतीला लोणा लागला असेल, तर ते पाणी जमिनीतून विटांनी ओढून घेतलेलं आहे. वर कितीही फोडाफोडी केली तरी ते थांबणार नाही.

वेळ कळली की चाचणी निवडता येते. पुरवठ्याच्या लाइनवर संशय असेल तर प्लंबर फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह आणि सगळे नळ बंद करून, हातपंपानं लाइनमध्ये दाब भरून काटा बघतो. काटा जागच्या जागी राहिला तर ती लाइन सुटली, खाली आला तर पाणी त्याच लाइनमधून जातंय. तासाभराचं काम. तरीही दहांपैकी नऊ जण त्याआधी टाइल्स फोडतात, याचं मला खरंच नवल वाटतं. स्वतंत्र मीटरचा बंगला असेल तर तेही नको: सगळे नळ बंद करा, आकडा लिहून ठेवा, दोन तास पाणी वापरू नका, पुन्हा आकडा बघा.

सांडपाण्यासाठी नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरून ठेवतात, २४ ते ४८ तास. पातळीची खूण भिंतीवर करा. खाली ओल वाढली तर फरशी किंवा सांधे दोषी. काहीच झालं नाही तर ट्रॅप उघडून पाणी सोडा आणि पुन्हा वाट बघा. आता ओल आली तर दोष पाइपात. पाण्यात जिलेबीचा रंग टाकला तर काम सोपं होतं, पण एक लक्षात ठेवा: रंग खाली दिसला तर तो पुरावा, दिसला नाही तर निर्दोषत्व सिद्ध होत नाही. भरावात आणि काँक्रीटमध्ये तो अडकून बसू शकतो. आणि एका वेळी एकच जागा तपासा. बाथरूम, बाल्कनी आणि गच्ची एकाच दिवशी भिजवली तर उत्तर काय मिळणार?

आता कॅमेऱ्याकडे वळतो, कारण अलीकडे प्रत्येक जाहिरातीत तो आहे. थर्मल कॅमेरा भिंतीच्या आत बघतो, हा नवा गैरसमज. तो आत काहीही बघत नाही. तो पृष्ठभागाचं तापमान मोजतो, इतकंच. ओलसर जागेतून बाष्पीभवन होतं, तिथे थोडा गारवा येतो आणि पडद्यावर निळा ठिपका दिसतो. पण एसीच्या वाऱ्यानं किंवा सावलीमुळेही तो ठिपका उमटतो. ऐन पावसाळ्यात हवा पाण्यानं भरलेली असते तेव्हा बाष्पीभवनच मंदावतं आणि फरक पुसट होतो. गरम पाण्याची लाइन फुटली असेल तर मात्र हा कॅमेरा झकास काम करतो. दोन टोचणींच्या ओलावामापकाचंही तसंच. तो मोजतो विजेचा रोध, आणि लोणा लागलेल्या भिंतीतले क्षार त्याला सहज फसवतात. कान लावून गळती ऐकण्याची यंत्रं खरी आहेत, पण त्यांना पाइपात दाब लागतो, आणि लोखंडी पाइपातून आवाज जितका लांब येतो तितका प्लास्टिकच्या पाइपातून येत नाही. ही उपकरणं टाकाऊ नाहीत. ती जाणकाराच्या हातात संशय पक्का करतात. पण आधी प्रश्न न विचारता, इमारतीचा नकाशा न बघता, थेट छतावर कॅमेरा रोखून "इथे फोडा" म्हणणारा माणूस मला हातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याचा धाकटा भाऊ वाटतो. फी तेवढी जास्त.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

"बिल वाढलं नाही, म्हणजे गळती नाही." मुंबईत बहुतेक सोसायट्यांना एकच मीटर असतो आणि बिल सगळ्यांत वाटलं जातं. तुमची गळती शेजाऱ्यांच्या बिलात विरघळून जाते.

"थेंब थेंब तर आहे." लिटरभर पाण्याचे साधारण ४,००० थेंब धरा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला २१ लिटर.

"फ्लश टाकी गळाली तर आवाज येईल." येत नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, टाकीत रंग टाकून दहा मिनिटं फ्लश न करता थांबायला सांगते. भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय. तिथल्या घरातल्या अशा बारीकसारीक गळत्यांत सरासरी वर्षाला ९-१० हजार गॅलन, म्हणजे ३५ हजार लिटरच्या आसपास पाणी जातं, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे.

"पाण्याचा टीडीएस मोजला की ते नळाचं की गटाराचं कळतं." आरओवाल्याकडचं यंत्र घेऊन लोक छतातून पडणारं पाणी मोजतात. काँक्रीटमधून येताना पाण्यात चुना विरघळतो आणि आकडा वाढतोच. स्लॅबला लोंबणारे पांढरे सुळके त्याच चुन्याचे.

"डॅम्पप्रूफ रंग लावला की झालं." खालून रंग लावल्यानं पाणी येणं थांबत नाही, दिसणं थांबतं. काही महिन्यांनी पोपडे सुटतात. तोवर आत सळया गंजत असतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो.

"नवी इमारत आहे, गळणार कशी?" गळते. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा.

आणि शेवटी पैशाचं. "गळती म्हणजे वरचे आणि खालचे बघून घेतील, सोसायटीचा काय संबंध?" हे सेक्रेटरींचं आवडतं वाक्य. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाण्याच्या व सांडपाण्याच्या पाइपांची गळती दुरुस्त करणं हे संस्थेचं काम आहे. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी फ्लॅटच्या आतली गळती सभासदाच्या खर्चानं. खर्च कुणाचा हे ठरवायचं तर पाणी कुठून येतंय हे आधी सिद्ध करावं लागतं. आमच्या काकूंनी दोन वेळच्या फोडाफोडीचे पैसे स्वतः भरले होते. त्यातला एक रुपयाही त्यांना परत मिळालेला नाही.

तेव्हा छताला डाग दिसला तर आठ दिवस थांबा, वही भरा. मग वरच्या मजल्यावर जरूर जा, पण हातात जिलेबीच्या रंगाची पुडी घेऊन. कंत्राटदाराला सोबत नेऊ नका.