नव्या रक्तवाहिन्या आणि मूलपेशी

शरीरातील बहुतेक पेशी जवळच्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे जगू शकत नाहीत; तेथवर प्राणवायू पुरेसा पोचत नाही. म्हणूनच पायाच्या धमन्या तुंबल्या की प्रथम चालताना पोटरीत कळा येतात, पुढे विश्रांतीतही वेदना थांबत नाहीत आणि अखेर पाय कापण्याची वेळ येते.

प्रौढ मनुष्यात नवी रक्तवाहिनी केवळ जुन्या वाहिनीला धुमारे फुटूनच निर्माण होते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९९७ साली असाहारा, इस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ मानवी रक्तातून वाहिनीच्या अंतःस्तराच्या पूर्वपेशी वेगळ्या केल्याचे प्रसिद्ध केले आणि या समजास धक्का बसला. २००२ साली जपानी संशोधकांनी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी पोटरीच्या स्नायूत टोचल्याने रक्तपुरवठा सुधारल्याचे नोंदविले.

या पेशी स्वतःच वाहिनीची भिंत बनतात काय? पुष्कळ प्रयोगांवरून असे दिसते की, त्या मुख्यतः वाढीस प्रेरक प्रथिने स्रवतात व स्थानिक पेशींना कामास लावतात.

तथापि आशेला प्रमाणाची जोड हवी. नेदरलँड्समधील १६० रुग्णांच्या चाचणीत (२०१५) धमनीवाटे मज्जापेशी देऊनही पाय कापावे लागण्याचे प्रमाण घटले नाही. उलट, आभासी उपचार मिळालेल्या गटातही वेदना कमी झाल्या. तुलनेसाठी असा गट नसता, तर ही सुधारणा पेशींच्याच खाती जमा झाली असती. रुग्णाचे समाधान आणि उपचाराचा गुण या दोन गोष्टी भिन्न होत, हाच या चाचणीचा बोध होय.