सुपरमॅनचे मूळ रूप आणि त्याचे रूपांतर

इटालियन चिंतक उंबेर्तो एको याने १९६२ साली सुपरमॅनच्या मिथकावर जो निबंध लिहिला, त्यातील एक आक्षेप पुढे या विषयाच्या अभ्यासात जवळजवळ सिद्धान्ताच्या योग्यतेला पोहोचला. ज्याच्या अंगी पृथ्वीची व्यवस्था पालटण्याचे सामर्थ्य आहे, तो नायक एका शहरातील दरोडेखोरांचा बंदोबस्त करण्यापलीकडे जात नाही. दुष्टपणा म्हणजे खाजगी मालमत्तेवरील हल्ला आणि सत्कृत्य म्हणजे दानधर्म, एवढ्याच वर्तुळात त्याची नीती फिरते. त्याच्या ठायी नागरिकाची जाणीव आहे, राजकीय जाणीव नाही, असा त्या आक्षेपाचा आशय आहे. एकोच्या काळातील अंकांना हे वर्णन चपखल लागू पडते. परंतु १९३८ व १९३९ या दोन वर्षांतील आरंभीच्या कथा जो वाचील, त्याला नेमके याच्या उलट चित्र दिसते. तेव्हा हे अंतर केव्हा पडले आणि कशामुळे पडले, हा प्रश्न उपस्थित होतो.

सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल व जो शुस्टर हे दोघेही १९१४ साली जन्मले. पहिला ओहायओ राज्यातील क्लीव्हलंड शहरी, दुसरा कॅनडातील टोरांटो येथे. दोघांची कुटुंबे युरोपातून आलेल्या ज्यूंची. शुस्टर कुटुंब क्लीव्हलंडला आले ते १९२४ च्या सुमारास, आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून पूर्व व दक्षिण युरोपातील स्थलांतरितांना देशाचे दार बहुतांशी बंद केले. ग्लेनव्हिल हायस्कुलात या दोघा बुजऱ्या, चष्मा लावणाऱ्या, विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांवर पोसलेल्या मुलांची गाठ पडली. एक लिही, दुसरा चित्रे काढी. बाहेर आर्थिक मंदीने कहर केला होता. जून १९३२ मध्ये सीगलच्या वडिलांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगात हृदय बंद पडून त्यांचा अंत झाला. बंदुकीची गोळी ज्याला भेदू शकत नाही अशा पुरुषाची कल्पना या आघातातून उपजली, असे अनुमान पुष्कळांनी केले आहे. अनुमान मनोवेधक आहे खरे. पण या घटनेनंतर अवघ्या सात महिन्यांनी सीगलने ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम वापरले, ते एका खलपुरुषासाठी, ही गोष्ट त्याच्या आड येते.

ही कथा जानेवारी १९३३ मध्ये या दोघांनी स्वतः काढलेल्या चक्रमुद्रित नियतकालिकात आली. एक शास्त्रज्ञ फुकट पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या बिल डन नावाच्या बेकाराला हेरतो आणि उल्केपासून सिद्ध केलेले रसायन त्याच्या पोटात घालतो. परिणामी डनला परचित्तज्ञान प्राप्त होते, तो जगाचे स्वामित्व मिळविण्याच्या मागे लागतो. पण रसायनाचा अंमल ओसरतो आणि तो पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभा राहतो. ‘सुपरमॅन’ हा शब्द नीत्शेच्या संकल्पनेचा वाचक म्हणून इंग्रजीत रूढ झाला तो मुख्यतः शॉच्या १९०३ सालच्या नाटकामुळे, आणि सीगलच्या खलनायकात त्या अर्थाची छाया आहे. परंतु कथेचा आरंभ व शेवट भुकेल्यांच्या रांगेत व्हावा, हे नीत्शेकडून आलेले नाही. ते क्लीव्हलंडच्या रस्त्यावरून आलेले आहे.

त्याच वर्षी या नावाचा नायक झाला. शिकागोच्या एका प्रकाशनसंस्थेकडून नकार मिळताच शुस्टरने वैतागून चित्रे नष्ट केली. केवळ मुखपृष्ठ वाचले. पुढे सीगलने दुसऱ्या चित्रकारांकडे खटपट केली. १९३४ च्या एका आराखड्यात तर हे मूल परग्रहावरून नव्हे, भविष्यकाळातून पाठविलेले आहे. इतर ऋणांचा शोध घेणे फारसे कठीण नाही. फिलिप वायलीच्या १९३० सालच्या ‘ग्लॅडिएटर’ या कादंबरीचा नायक असाच उड्या घेतो व गोळ्या अंगावर झेलतो. बरोजच्या मंगळावरील कथांत कमी गुरुत्वाकर्षणाच्या जगात गेलेला माणूस असामान्य बलवान ठरतो. सीगलने ती कल्पना उलटी फिरविली. कमरेवर हात ठेवून उभे राहण्याची ऐट डग्लस फेअरबँक्सच्या मूकपटांतली, आणि क्लार्क केंटचा चष्मा व बावळा चेहरा हॅरल्ड लॉइडचा.

१ मार्च १९३८ रोजी तेरा पृष्ठांच्या कथेसाठी पृष्ठास १० डॉलरप्रमाणे १३० डॉलर देऊन प्रकाशकाने या व्यक्तिरेखेचे सर्व हक्क विकत घेतले. जून १९३८ हा महिना छापलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक एप्रिलमध्येच दुकानांत आला, किंमत १० सेंट. त्यातील घटना लक्षपूर्वक पाहण्याजोग्या आहेत. सुपरमॅन रात्री गव्हर्नरच्या घराचे दार मोडून आत शिरतो, कारण एका निरपराध स्त्रीला काही मिनिटांत देहान्त शिक्षा व्हावयाची आहे. नंतर बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्यास तो धडा शिकवितो, लॉइस लेनला पळवून नेणाऱ्या गुंडांची मोटार उचलून आपटतो, आणि अखेरीस वॉशिंग्टनला जाऊन एका सेनेटरशी संगनमत करणाऱ्या मध्यस्थाला तारांवरून फरपटत नेतो. या मध्यस्थामागे शस्त्रांचा कारखानदार आहे, हे दुसऱ्या अंकात उघड होते. कारखानदाराला सुपरमॅन सामान्य शिपाई म्हणून रणांगणावर जाण्यास भाग पाडतो, आणि दोन्ही बाजूंच्या सेनापतींना समोरासमोर आणून लढाईचे कारण विचारतो. दोघांनाही ते सांगता येत नाही.

तिसरा अंक याहूनही पुढे जातो. खाणीत परदेशातून आलेला एक मजूर जायबंदी होतो. वार्ताहर म्हणून केंट चौकशीला जातो, तेव्हा मालक सारा दोष मजुराच्या माथी मारतो. सुपरमॅन खाणकामगाराचा वेष घेतो, मालकाच्या मेजवानीतील पाहुणे मौजेखातर खाणीत उतरले असता वाट बुजवून टाकतो, आणि संकटसूचक यंत्रे गंजून निकामी झाली आहेत, हे मालकाला स्वतः अनुभवू देतो. या संपूर्ण कथेत चमत्कार असा जवळजवळ नाही; एखाद्या कामगारनाटकात शोभेल असा हा प्रसंग आहे. जानेवारी १९३९ च्या आठव्या अंकात मुले गुन्हेगार होतात ती गलिच्छ वस्तीमुळे, असा निष्कर्ष काढून नायक अख्खी वस्ती जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला नवी घरे बांधणे भाग पडावे. त्याला आवरण्यासाठी लष्कर व विमाने येतात, आणि त्यांच्या बाँबवर्षावाने उरलेले काम पुरे होते. बाराव्या अंकात रस्त्यांवरील अपघातांना तकलादू मोटारी कारणीभूत आहेत म्हणून तो मोटारींचा कारखानाच मोडतो. मालमत्तेविषयीचा आदर येथे औषधालाही सापडत नाही. पोलीस त्याच्या मागावर आहेत. त्याची नीती विवेकी आहे की दांडगाईची, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. पण तिला राजकीय जाणीव नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

या स्तराचे वेगळेपण न ओळखल्यामुळे अन्वयार्थाची गल्लत कशी होते, याचे एक उदाहरण बोलके आहे. सुपरमॅनचे मूळ नाव ‘काल-एल’. त्यातील ‘एल’ हा हिब्रूत देववाचक शब्द. नदीत सोडलेल्या मोझेसप्रमाणे हे मूल अवकाशात सोडलेले. यावरून निर्मात्यांनी ज्यू परंपरा हेतुतः गुंफली, असे प्रतिपादन केले जाते. परंतु पहिल्या अंकात ना ग्रहाला नाव आहे ना मुलाला. तेथे एक वाटसरू मोटारवाला मूल उचलतो आणि अनाथालयात देतो. केंट दांपत्य १९३९ मध्ये येते. क्रिप्टन हे नाव त्याच वर्षी आले, आणि जानेवारीत सुरू झालेल्या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत पित्यापुत्रांच्या नावांच्या शेवटी केवळ ‘एल्’ हे एक रोमन अक्षर होते. त्याचा ‘एल’ असा दोन अक्षरी शब्द झाला तो १९४२ मधील जॉर्ज लोथरच्या कादंबरीत, म्हणजे सीगलखेरीज दुसऱ्याच्या हातून. परागंदा मुलाची कथा स्थलांतरितांच्या मुलांना सुचली, यात नवल नाही. मात्र नावाच्या व्युत्पत्तीवर त्याचा पुरावा उभारणे धोक्याचे आहे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमुळे पाठांचे स्तर वेगळे करण्याची सवय लागलेल्या मराठी अभ्यासकास ही सावधगिरी नवी वाटू नये.

सामर्थ्याबाबतही हेच. १९३८ चा सुपरमॅन उडत नाही. एका झेपेत अष्टमांश मैल जातो. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट भार वाहते, टोळ मोठी उडी घेतो, असे शालेय पुस्तकात शोभणारे स्पष्टीकरण कथेतच दिलेले आहे. फुटता तोफगोळा त्याच्या कातडीला भेदू शकतो. उड्डाण नभोवाणी व चित्रपट यांच्याद्वारे स्थिर झाले. क्रिप्टोनाइटसुद्धा १९४३ मध्ये प्रथम नभोवाणीवर आले. बल जसजसे वाढत गेले तसतसे ते वापरण्याचे क्षेत्र आकुंचित होत गेले, ही या चरित्रातील विलक्षण गोष्ट होय.

एक अंग मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत टिकले. पूर्वीच्या वेषधारी नायकांत सरदार हा खरा आणि मुखवटा खोटा असे. येथे उलट आहे: चष्मा लावणारा, मागे सरणारा वार्ताहर हेच सोंग. लॉइस लेन केंटला भित्रा म्हणून झिडकारते आणि सुपरमॅनसाठी झुरते. दोघे एकच आहेत हे तिला ठाऊक नाही, वाचकाला ठाऊक आहे. ही रचना विनोदी आहे, आणि तितकीच करुणही. सीगलची सर्वांत स्वतंत्र निर्मिती हीच मानावी लागेल.

रूपांतराचा काळ बराच नेमका सांगता येतो. १९३९ मध्ये वृत्तपत्रांतील मालिका व स्वतंत्र नियतकालिक निघाले, खेळण्यांचे व इतर वस्तूंचे परवाने विकले जाऊ लागले. १९४० मध्ये व्हिटनी एल्सवर्थ संपादक झाला. नायकाने कोणाचा जीव घेऊ नये, अधिकाऱ्यांशी झुंजू नये, असे दंडक आले. त्याच वर्षी लूथर हा शास्त्रज्ञ खलनायक अवतरला. अन्यायाचे कारण खाणमालकाकडून सरकून एका माथेफिरू व्यक्तीकडे गेले, आणि समाजव्यवस्था सुरक्षित झाली. लहान मुलांना खेळणी विकणाऱ्या उद्योगाला घरे पाडणारा नायक परवडणारा नव्हता. सीगल लिहीतच होता. पण काय छापावे हे ठरविण्याचा अधिकार त्याने १३० डॉलरला देऊन टाकला होता.

युद्धाने या कोंडीत भर घातली. फेब्रुवारी १९४० मध्ये ‘लुक’ पाक्षिकासाठी केलेल्या दोन पृष्ठांत सुपरमॅन हिटलर व स्टालिन यांना उचलून जिनेव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो. एप्रिलमध्ये एस्‌एस्‌च्या मुखपत्राने सीगलवर ज्यू म्हणून गलिच्छ हल्ला चढविला. पण अमेरिका युद्धात उतरल्यावर हा नायक खऱ्या रणांगणावर नेणे अशक्य झाले, कारण तो गेला असता तर युद्ध एका दिवसात संपले असते. तेव्हा १९४२ मध्ये केंटला सैन्यभरतीच्या नेत्रपरीक्षेत नापास करण्यात आले: भिंतीतून आरपार पाहून तो चुकून शेजारच्या खोलीतला तक्ता वाचतो.

सीगल स्वतः १९४३ मध्ये सैन्यात गेला. तो तेथे असताना त्याने पूर्वी सुचविलेली सुपरबॉयची कल्पना प्रकाशकाने परस्पर अमलात आणली. १९४७ मध्ये दोघांनी दावा लावला; १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली, हक्क गेले, नावेही कथांवरून निघाली. १९५९ मध्ये निर्वाहासाठी सीगल परतला आणि निनावी लेखक म्हणून सुपरमॅनच्या कथा लिहू लागला. एकोने ज्या ‘काल्पनिक कथा’ या तंत्राचे विश्लेषण केले, त्या तंत्राची सर्वांत गाजलेली कथा, म्हणजे नोव्हेंबर १९६१ मधील सुपरमॅनच्या मृत्यूची कथा, सीगलचीच होती.

१९७५ मध्ये लोकमताच्या दडपणाखाली प्रकाशनसंस्थेच्या मालकांनी दोघांना प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन दिले व श्रेयनामे पुन्हा छापण्यास प्रारंभ केला. १९३८ सालचा तो धनादेश, ज्यात इतर कामांसह एकूण ४१२ डॉलर होते, २०१२ मध्ये १,६०,००० डॉलरला लिलावात गेला. अमेरिकेतील विद्यमान कायद्यानुसार ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १ जानेवारी २०३४ रोजी स्वामित्वहक्कातून मुक्त व्हावयाचा आहे. लूथर, क्रिप्टोनाइट व आकाशातील उड्डाण या गोष्टी त्या अंकात नाहीत. त्यांची मुदत निराळी.