खुब्याच्या फ्रॅक्चरनंतरचे आयुष्य : जगण्याचा वक्र कसा वाचावा

विश्वसनीयता अभियांत्रिकीच्या विषयात आपण बेअरिंग, दिवे, पंप किती काळ टिकतात याचे आलेख काढतो. त्याच गणिताचा दुसरा मोठा वापर वैद्यकात होतो, आणि तिथे 'निकामी होणे' या शब्दाच्या जागी मृत्यू असतो. या टिपणात उदाहरण म्हणून खुब्याचे फ्रॅक्चर घेतले आहे. नव्वदीच्या घरातली आजी न्हाणीघरात घसरून पडते आणि मांडीच्या हाडाची मान मोडते. ही घटना भारतातल्या कुठल्याही शहरात वा खेड्यात ओळखीची आहे. घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाडाबद्दल नसतोच. 'वाचतील ना?' हाच तो प्रश्न असतो.

मोडलेले हाड स्वतः सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो अंथरुणाला खिळल्याने. पडून राहिलेल्या माणसाला खोल श्वास घेता येत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात आणि त्यातली एखादी फुप्फुसात पोहोचते. पाठीला जखमा होतात, लघवीचा संसर्ग होतो, भ्रम होऊन माणूस जेवणखाण सोडतो. शिवाय हृदय, मूत्रपिंड आधीच थकलेली असतात. म्हणून इतक्या वयातही शस्त्रक्रिया केली जाते. वेदना कमी करणे आणि रुग्णाला लवकर उभे करणे हे तिचे मुख्य हेतू आहेत. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवायचे असते.

आता आकडे पाहू. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत वृद्धांमध्ये या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण २० ते ३० टक्के रुग्ण दगावतात. अतिवृद्धांत प्रमाण याहून जास्त, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त. पण नव्वदीच्या माणसाचा, हाड मोडले नसते तरी, वर्षभरात मृत्यू होण्याचा संभव कमी नसतोच. म्हणून त्याच वयाच्या, हाड न मोडलेल्या लोकांशी तुलना करावी लागते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात अशी तुलना आहे. पन्नाशीपुढच्या रुग्णांत पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचा दर स्त्रियांमध्ये सुमारे ५.७५ पट आणि पुरुषांमध्ये सुमारे ८ पट आढळला. पुढे तो उतरत जातो, मात्र अनेक वर्षांनंतरही समवयस्कांच्या पातळीला पूर्णपणे येत नाही.

यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात बाथटबच्या आकाराचा वक्र दिसेल : सुरुवातीला जास्त दर, मग उतार, पुढे झिजेमुळे पुन्हा चढ. साम्य उपयोगी आहे, पण फार ताणू नये. नव्या पंपात सुरुवातीचे बिघाड उत्पादनातल्या दोषांमुळे येतात. इथे सुरुवातीचा चढ अपघाताच्या आणि अंथरुणाच्या धक्क्याचा असतो.

हा वक्र काढतात कसा? एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांची १९५८ सालची पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. एक काल्पनिक उदाहरण सोडवू. नव्वदीपुढचे १० रुग्ण आहेत. ६व्या आणि २०व्या दिवशी एकेकाचा मृत्यू. ४५व्या दिवशी एक रुग्ण गावी गेला, पुढे पत्ता नाही. ८०व्या दिवशी एक मृत्यू. २००व्या दिवशी आणखी एकाचा संपर्क तुटला. २४०व्या दिवशी एक मृत्यू. वर्ष संपताना ४ जण हयात असल्याचे नक्की माहीत आहे.

हरवलेल्या दोघांना वगळले तर वर्षभर जगण्याचे प्रमाण ८ पैकी ४, म्हणजे ५० टक्के. त्यांना जिवंत धरले तर १० पैकी ६, म्हणजे ६० टक्के. दोन्ही उत्तरे चूक, कारण पहिल्यात हाती असलेली माहिती फेकून दिली जाते आणि दुसऱ्यात नसलेली माहिती गृहीत धरली जाते. कॅप्लन-मायर पद्धतीत प्रत्येक मृत्यूच्या दिवशी त्या क्षणी नोंदीत असलेल्यांपैकी किती वाचले ते पाहायचे आणि गुणाकार करत जायचे : ९/१० × ८/९ × ६/७ × ४/५ = ०.५५. हरवलेला माणूस जोवर नोंदीत होता तोवर छेदात मोजला जातो, पुढे नाही. अशा नोंदीला सेन्सॉर्ड नोंद म्हणतात.

यामागे एक गृहीतक आहे : हरवलेल्या माणसाचा धोका राहिलेल्यांइतकाच असतो. कारखान्यातल्या चाचणीत हे बहुधा खरे असते, आपल्याकडच्या रुग्णालयात फारसे नाही. काही जण बरे वाटले म्हणून तपासणीला फिरकत नाहीत. काहींना घरचे 'आता घरीच नेतो' म्हणून घेऊन जातात. दुसऱ्या गटातले मृत्यू रुग्णालयाच्या कागदावर येतच नाहीत, आणि वक्र खऱ्याहून वर राहतो. माझ्या मते फ्रॅक्चरनंतरच्या कुठल्याही अभ्यासात पहिल्यांदा हरवलेल्यांची संख्या वाचावी, निष्कर्ष नंतर.

दुसरा सापळा तुलनेचा. शस्त्रक्रिया झालेले जास्त जगतात असे दिसले, तर ते शस्त्रक्रियेमुळेच असे लगेच म्हणता येत नाही. वाट पाहताना जे वारले ते आपोआप 'शस्त्रक्रिया न झालेले' ठरतात. शिवाय डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी मुळात बऱ्या प्रकृतीचे रुग्ण निवडतात. उशिराचेही तसेच : ज्याचे हृदय आधी सांभाळावे लागते त्यालाच उशीर होतो. म्हणून भारतासह १७ देशांत, सुमारे ३००० रुग्णांवर 'हिप अटॅक' ही चाचणी झाली आणि गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले गेले. २०२० मधला निकाल असा : निदानानंतर एका गटाची शस्त्रक्रिया साधारण ६ तासांत, दुसऱ्याची २४ तासांत, ९० दिवसांतले मृत्यू ९ आणि १० टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. भ्रमाचे प्रमाण मात्र लवकरच्या गटात कमी होते. यावरून आठवडाभराचा उशीरही चालतो असा अर्थ काढू नये; ती तुलना इथे झालेलीच नाही.

आणि जगण्याचे दिवस हेच एकमेव माप आहे का? नेदरलँड्समध्ये शुश्रूषागृहात राहणाऱ्या अतिदुर्बळ वृद्धांचा एक अभ्यास २०२२ मध्ये आला. तिथे रुग्ण, कुटुंब आणि डॉक्टर यांनी मिळून निर्णय घेतला. निम्म्यांहून थोड्या जास्त जणांनी शस्त्रक्रिया नको म्हटले आणि फक्त वेदनाशमन घेतले. त्यांच्यापैकी ८३ टक्के ३० दिवसांत वारले, शस्त्रक्रियेच्या गटात २५ टक्के. वक्र पाहिला तर निकाल एकतर्फी वाटतो. पण जीवनमानाच्या मोजमापात शस्त्रक्रिया न घेतलेला गट मागे पडला नाही, आणि दोन्ही गटांतले लोक आपल्या निर्णयाबद्दल समाधानी होते. गट निवडीने पडले होते, हे इथेही लक्षात ठेवा.

सरावासाठी : वरच्या उदाहरणात ४५व्या दिवशी हरवलेला रुग्ण ५०व्या दिवशी वारल्याचे नंतर फोनवरून कळले, असे धरून वर्षअखेरचे प्रमाण काढा. मग तो वर्षभर हयात होता असे धरून पुन्हा काढा. उत्तरे अनुक्रमे ०.४८ आणि ०.५८ यायला हवीत.