उभ्याने सांगितलेलं महाभारत

लेखमाला : आईच्या तोंडची गोष्ट (भाग ६)

मागच्या भागात आपण जात्यावरच्या ओवीपाशी थांबलो होतो. बाई घरात गाते तोवर तिला कोणी अडवत नाही. तीच चव्हाट्यावर उभी राहिली तर काय होतं, हे पाहायला या आठवड्यात भिलाईला जाऊ.

भिलाई म्हटलं की पोलाद. १९५५ साली कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा इथल्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुरातून चाले. मध्य प्रदेशाची राजधानी तेव्हा तिथेच होती. १९५९च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भाताची शेतं कारखान्याखाली गेली. याच परिसरात, भिलाईपासून चौदा किलोमीटरवरच्या गनियारी गावात, १९५६ साली एका पारधी घरात पंडवानी गायिका तीजनबाईंचा जन्म झाला.

इथल्या बायकांना गाणं वर्ज्य मुळीच नव्हतं. दिवाळीच्या सुमारास त्या सुवा नाचतात. टोपलीत धान्य, त्यावर मातीचा पोपट, भोवती फेर, साथीला फक्त टाळ्या. गोंड बायका जमीनदारांच्या अंगणात नाचून भात मिळवतात. सासरचं दुःख पोपटाला सांगायचं. भोंडला, भुलाबाई खेळलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेली पांडवांची कथा, मात्र पुरुषांची. तिच्या दोन रीती : वेदमती बसून, सबलसिंह चौहानांच्या पद्यमय महाभारताला धरून, कापालिक उभ्याने, आठवणीतून आणि आयत्या वेळच्या सुचण्यातून. बाईने गायलीच तर बसून गावी. तीजनबाईंनी कथा ऐकली ती आईच्या वडिलांकडून, ब्रजलालांकडून. म्हणजे वारसा आजोळचाच, पण पुरुषाच्या तोंडून आलेला. तेराव्या वर्षी चंद्रखुरीत त्या दहा रुपये बिदागीवर उभ्याने गायल्या. बाई असून पंडवानी गाते म्हणून जातीने त्यांना बाहेर काढलं. त्यांनी वेगळी झोपडी बांधली, शेजारून भांडीकुंडी, दाणागोटा उसना आणला, आणि गात राहिल्या. लोक त्यांच्या खर्जातल्या आवाजाचं कौतुक करतात. मला त्यांचे पाय जास्त महत्त्वाचे वाटतात. बसलेली बाई कथा सांगते. उभी राहिलेली भीम होते. हातातला तंबोरा क्षणात गदा होतो, क्षणात दुःशासनाचा हात. समोरचा साथीदार, म्हणजे रागी, हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आणि त्या आधारावर कथा पुढे सरकते. झोपताना गोष्ट ऐकणारं पोर तरी दुसरं काय करतं?

आता कथेकडे पाहा. लाक्षागृहातून निसटलेली कुंती पाच मुलांना घेऊन रानोमाळ हिंडते, एकचक्रा नगरीत परक्याच्या घरी आसरा घेते. मुलं भिक्षा आणतात, ती वाटे घालते : अर्धं अन्न एकट्या भीमाला, उरलेल्या अर्ध्यात बाकी सगळे. आणि त्याच घरातल्या ब्राह्मणाच्या वाट्याला बकासुर आला, तेव्हा पोटचा भीमच ती पाठवते. आसऱ्याचं मोल आई अशी चुकवते. महाभारताचा नायक अर्जुन की कृष्ण यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. पंडवानीत भीमच मोठा आहे. उपासमार पाहिलेल्या गावांना खादाड, रांगडा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा भीम आपला वाटला, यात मला नवल वाटत नाही.

पुढे नाटककार हबीब तन्वीर यांच्या नजरेत तीजनबाई आल्या, परदेशी रंगमंचांवर गेल्या. २००३ साली पद्मभूषण, २०१९ साली पद्मविभूषण. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंना नोकरी दिली ती भिलाई पोलाद कारखान्याने. ज्या कारखान्याने आसपासच्या शेतकऱ्यांची जमीन घेतली त्यानेच जातीबाहेर टाकलेल्या गायिकेला पगार दिला. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि एकाने दुसरं फिटत नाही.

भिलाईच्याच रितु वर्मा यांनी पुढे वेदमती रीत धरली. त्यांना मात्र गाण्यासाठी झोपडी बांधावी लागली नाही.

(पुढच्या आठवड्यात : भिलाईला लोहखनिज पुरवणारं दल्ली राजहरा. खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या बळावर उभारलेलं शहीद रुग्णालय, आणि त्यामागची बाळंतपणात दगावलेल्या एका कामगार पुढारी बाईची हकिगत.)